बायकाट टाकायचाय? मग असा टाका

बहिष्कार पुकारायचा तर आधी वस्तू नीट निवडा. जी आपण कधी विकतच घेत नाही, तीच उत्तम. जळगावातल्या रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्या माणसाने परदेशी सफरचंदावर खुशाल बायकाट टाकावा. शेवभाजीच्या वाटेला जाऊ नये.

मूळ पद्धतीच्या नादी लागू नका, फार कष्टाची आहे. १८८० साली आयर्लंडातल्या मेयोत कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नचा कारभारी होता. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० वर अडला. साहेब कुळांना जमिनीवरून हुसकायला निघाला, तशी गडीमाणसं काम टाकून गेली, लोहार आणि धोबीण फिरकेनात, दुकानदार माल देईना. पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणली, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड गेले. साहेबाने डिसेंबरात आयर्लंड सोडलं. आडनाव मात्र क्रियापद होऊन मागे राहिलं. ‘ऑस्ट्रसाइझ’ (वाळीत टाकणे) हा शब्द शेतकऱ्यांना जड जाईल, म्हणून फादर ओ’मॅली या पाद्र्याने हा सोपा काढून दिला म्हणतात.

आता हे केळीवर करून बघा. व्यापारी जाहीर भावापेक्षा कमी देतो? मग ठराव करा: माल द्यायचा नाही. घड आपल्याच शेतात राहू द्या. केळी हिरवी असतानाच कापावी लागते. झाडावर पिकलेली दिल्लीपर्यंत टिकत नाही, हे व्यापाऱ्याला तुमच्याइतकंच ठाऊक असतं. तो शेजारच्या बऱ्हाणपूरच्या केळीकडे बघेल, तुम्ही आभाळाकडे. त्यात वादळ आलं आणि खोडं आडवी झाली, की ठराव मागे घ्यायला सभाही लागत नाही. मेयोत उभं पीक साहेबाचं होतं, कुळांनी फक्त हात आखडले. इथे पीकही आपलं, घोरही आपलाच. म्हणजे कॅप्टनच्या जागी कोण उभं आहे ते बांधावर जाऊन बघावं.

राग माणसावर काढून त्याला जातपंचायतीकरवी वाळीत टाकायचा विचार असेल, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. केळीच बरी.

ठरावावर पहिली सही आपण करावी, फोटोत मधोमध उभं राहावं. आणि पहाटेच्या कापणीसाठी टोळीला संध्याकाळीच निरोप धाडावा. उशीर केला तर मजूर मिळत नाहीत. बाकीच्या सह्यावाल्यांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं.