मंदीतली कवायत

भरपूर काम करून अंग दुखतंय म्हटलं, की घरचे गरम पाण्याची पिशवी आणून देतात. काम नसताना दुखतंय म्हटलं, तर नुसतं बघतात. म्हणून हे इथे सांगतो: छपाईच्या दुकानात मंदीच्या दिवसांत 'तयार' बसून राहणं हे फार कष्टाचं काम आहे.

गर्दीत शिस्त वेगळी लावावी लागत नाही. समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या कपाळावरची आठी बघून हात आपोआप चालतात. मंदीत आठी घालायलाच कुणी नसतं. ती जबाबदारी आमच्या मालकांनी स्वतःकडे घेतली आहे. त्यांचा नियम साधा आहे: दुकान रिकामं दिसलं तरी चालेल, माणसं रिकामी दिसता कामा नयेत.

यातली अर्धी शिस्त यंत्रांसाठी आहे आणि ती मला मनापासून पटते. इंकजेट प्रिंटर पडून राहिला, की हेडच्या बारीक छिद्रांत शाई सुकते आणि निळंभोर आकाश पट्ट्यापट्ट्यांचं छापून येतं. म्हणून रोज सकाळी नोझल चेकचं एक पान काढायचं. चारही रंगांच्या रेघा सलग आल्या, तर प्रिंटरची तब्येत उत्तम. कागदाचे लाड आणखी वेगळे. रीम उघडी राहिली, की कागद हवेतला ओलावा पितो, त्याच्या कडा वळतात आणि मग तो मशीनमध्ये अडकायला घाईचं काम शोधतो. म्हणून रीम गुंडाळून ठेवायची. यंत्रांची ही बडदास्त बघून कधीकधी वाटतं, पडून पडून आमच्याही डोक्यात काहीतरी सुकत असणार. पण आमच्या रेघा सकाळी तपासायची सोय नाही.

उरलेली अर्धी शिस्त माणसांसाठी आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण करणाऱ्याने त्या न्हाव्याची बाजू ऐकून घेतली नसावी. त्याचा मालक तिथेच बसलेला असणार.

आम्ही नमुन्यांच्या फायली लावल्या. आधी आकारानुसार, मग रंगानुसार. मग मालक म्हणाले, "गिऱ्हाईक जसं मागतं तशा लावा." गिऱ्हाईक मागतं, "मागच्या वेळी केलं होतं ना, तसंच." त्या नावाची फाइल उघडली, तर सगळे नमुने तिच्यातच गेले. मग उधारीच्या वसुलीचे फोन. मंदी तिकडेही असतेच. एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला, तर तो आनंदाने म्हणाला, "अरे वा, मी तुम्हालाच करणार होतो! काही काम असलं तर सांगा."

सगळ्यात अवघड म्हणजे दारावर लक्ष ठेवणं. रडारवर नजर ठेवणारे लोक काही वेळाने चुकायला का लागतात, यावर नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याने माणसांना दोन तास एका घड्याळासमोर बसवलं. काटा एकेक टप्पा सरकायचा आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा. उडी दिसली की कळवायचं. अर्ध्या तासानंतर लोकांच्या नजरेतून जास्त उड्या निसटू लागल्या. हे मी मोठ्या आशेने मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "छान! मग दर अर्ध्या तासाने तुम्ही दोघं जागा बदलत जा." मला त्या प्रयोगातल्या लोकांचा हेवा वाटतो. त्यांचा काटा अधूनमधून उडी तरी मारायचा.

एवढ्या तयारीवर कुणी आत आलंच, तर त्या बिचाऱ्याची खैर नसते. पत्ता विचारायला आलेल्या एका गृहस्थांना आम्ही नकाशा छापून दिला, लॅमिनेशनसकट.

आणि काम येतं तेव्हा एकटंदुकटं येत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ सालीच याचं गणित मांडलं होतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांचे फोनसुद्धा ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी लांबलचक शांतता, कधी एकदम झुंबड, आणि त्यात कुणाचाही कट नसतो. गणित बरोबरच असेल. पण कटरचं पातं धार लावायला पाठवलेलं असतानाच झुंबड का उडते, हे मला एर्लांगला विचारायचं होतं.

परवा तशीच उडाली. फायलींकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका बाईंनी "मागच्यासारखंच" मागितलं, तेव्हा ती जाडजूड फाइल उघडायचा धीर आम्हाला झाला नाही. कागद मात्र अडकला नाही आणि आकाशही सलग छापून आलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने काउंटरवरचं सकाळचं नोझल चेकचं पान उचललं आणि लांब धरून निरखलं.

"डिझाइन झकास आहे," तो म्हणाला. "याच्या शंभर प्रती द्या."

मालकांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता विचारलं, "मॅट हवं की ग्लॉसी?"