धामण पळत होती

आज सकाळी आमच्या गल्लीत धामण मारली. मारली म्हणजे ठेचली. सहा-सात फुटांची असेल. गटारीच्या कडेनं बोळात निघाली होती, कुणाच्या अंगावर गेली नव्हती. चार पोरं काठ्या घेऊन मागं लागली. मी दूध घेऊन परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं आणि एकजण काठीवर ती उचलून फोटो काढून घेत होता. माझी पोरगी दारात उभी होती. तिनं सुरुवातीपासून सगळं बघितलं.

काल रात्रीच आम्ही दोघांनी 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' बघितला, २०१० चा पहिला भाग. तिनं तिसऱ्यांदा. सकाळी तिनं विचारलं, "पप्पा, ती तर पळत होती की. मग का मारली?" मला बोलता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

पिक्चर बघितला नसेल त्यांना सांगतो. ड्रॅगन येऊन गावातली मेंढरं उचलून नेतात. गावाच्या पुस्तकात एकेका जातीबद्दल काय लिहिलंय, तर दिसली की मारा. सगळ्यात भयंकर जातीबद्दल तर, तिच्या वाटेला जाऊ नका, लपून बसा. सरदाराचा किडकिडीत पोरगा हिकप तसलाच एक ड्रॅगन यंत्रानं दोर फेकून पाडतो, रानात शोधायला जातो, सुरी उगारतो. आणि त्याच्यानं मारवत नाही, कारण ते जनावर त्याच्याइतकंच भ्यालेलं असतं.

सगळ्यांना त्यांची दोस्ती आठवते. मला त्या ड्रॅगनची शेपटी आठवते. त्याच्या शेपटीचा एक पंख गेलाय, उडता येत नाही, आणि तो गेलाय हिकपच्याच माऱ्यानं. ज्याला गाव भितंय त्याला पांगळं ह्याच पोरानं केलंय. मग ते पोरगं लोहाराच्या भट्टीवर बसून त्याला नवा पंख करून देतं. आम्ही काय केलं? ओढे बुजवले, कोल्हापुरातल्या आमच्या जयंती नाल्याची गटार केली, पूररेषेत इमारती उठवल्या. धामण गटारीतनं येणार नाही तर कुठनं येणार?

२०१९ चा पूर आठवतोय ना? पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात खालचं सगळं पाण्यात, आम्ही वरच्या मजल्यावर. लाइट नाही. पोरगी दोन वर्षांची. रात्री बॅटरी मारली तर जिन्याच्या वरच्या पायरीवर धामण, वेटोळं घालून. वडिलांनी दांडकं उचललं. आज्जी अंथरुणातनंच ओरडली, "हाणू नगंस! त्ये काय तुझ्यावर आलंय व्हय? त्याच्या बिळात पाणी शिरलंय." वडिलांनी दांडकं खाली ठेवलं. दोन रात्री ती तिथंच होती. आम्ही दार ओढून घेतलं, फटीला चादर कोंबली आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी बघितलं तर गेली होती.

आज्जी शाळेत गेली नव्हती. आजची चार पोरं कॉलेजात जातात.

आणि कारणं काय दिली? म्हणे धामण म्हशीच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते. शेपूट नाकात घालते. अरे, ती उंदीर खाते! तिला विषच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, साप मारणं गुन्हा आहे, हेही त्यांना ठाऊक नाही. आमचंही ते गावाच्या पुस्तकासारखंच झालंय, कुणीतरी कधीतरी सांगितलं आणि आम्ही काठी उचलली. नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहायचं ते कशासाठी मग?

हो, घोणस, मण्यार, नाग, फुरसं चावलं तर माणूस मरू शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू की भिऊ नको. आणि साप काही ड्रॅगनसारखा हातावर नाक टेकवणार नाही. मान्य. पण दोस्ती कुणी मागितलीय? आज्जीनं तिला जवळ घेतलं नव्हतं. वाट मोकळी ठेवली, एवढंच.

एवढं लिहिलं आणि राग जरा उतरला. ती पोरं वाईट नाहीत. त्यातल्याच एकानं पुरात आज्जीला पाठीवर घेऊन होडीत बसवलं होतं. सकाळी मी त्याच्याशी न बोलता घरात आलो, ते मला आता बरं वाटत नाही. त्यालाही भीती वाटली असेल, आणि चौघं बघत असताना काठी खाली ठेवणं त्या वयात सोपं नसतं. हिकपचं तेच तर दुखणं असतं. सगळं गाव मारणाऱ्यांचं, बाप त्यांचा सरदार, आणि ह्याच्या हातनं एक मारवत नाही. बाप त्याला तोंडावर सांगतो की तू माझा मुलगा नाहीस. तिथं पोरगी दर वेळी माझा हात धरते. माझ्या वडिलांनी मात्र त्या रात्री आईचं ऐकलं, तेही सगळ्या घरासमोर. त्याबद्दल मी त्यांना कधी काही बोललो नाही. आज सांगणार आहे.

गल्लीतल्या सगळ्यांना: वनखात्याचा नंबर १९२६ आहे, सेव्ह करा. नाही लागला तर मला हाक मारा, रात्री दोनला मारा. मी येऊन नुसता उभा राहीन, तिला जायला जागा होईपर्यंत.