चावी ऑन केली की मीटर नाचतो, म्हणून मीटर बदलायला निघालात?

गेल्या आठवड्यात गाडीच्या मीटरबद्दलचा (डॅशबोर्डवरचा, वेगाच्या आणि पेट्रोलच्या काट्यांचा) एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला, आणि पाचव्यांदा मेव्हण्याने खास पाठवला, "तू गाड्यांचं करत बसतोस ना, बघ किती कामाचं आहे". मेसेज थोडक्यात असा: चावी ऑन केल्यावर किंवा सेल्फ मारताना मीटर लुकलुकला, काटे नाचले किंवा मीटर अंधारात गेला तर समजायचं मीटर गेला. शोरूमवाले लुटतील म्हणून घरीच उपाय करा. मल्टिमीटरला (व्होल्ट मोजायच्या यंत्राला) १२ व्होल्ट दिसले तर वायरिंग ओके. फ्यूज उडत असेल तर एक नंबर मोठा टाका. चावी काढूनही मीटरमध्ये उजेड दिसला तर मीटर शॉर्ट. बॅटरीचा लाल दिवा लागतच नसेल तर चार्जिंग एकदम फिट. बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा, नाहीच झालं तर जुन्या बाजारातून मीटर आणून कपलर (वायरींचा प्लग) लावा, पाच मिनिटांचं काम.

शोरूमला पूर्ण मीटर बदलायचीच सवय असते, दुरुस्ती सहसा कोणी करत नाही, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक बघू.

"काटे नाचले म्हणजे मीटर गेला." मीटरला चालायला मुख्य तीन गोष्टी लागतात. एक कायमचा करंट, थेट बॅटरीवरून फ्यूजमधून येणारा, चावी काढली तरी चालू, घड्याळ आणि ट्रिप बहुतेक गाड्यांत त्याच्यावर जगतात. दुसरा इग्निशनचा, म्हणजे चावी ऑन केल्यावरच येणारा. आणि तिसरी अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर. जर्मन पद्धतीच्या डायग्रॅममध्ये यांना ३०, १५ आणि ३१ असे नंबर असतात. यातलं एक जरी लंगडं झालं तरी मीटर नाचतो, आणि बिचारा मीटर समोर दिसतो म्हणून शिव्या त्यालाच.

सेल्फ मारताना स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, बॅटरी म्हातारी असेल तर व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि मीटरमधला प्रोसेसर रिसेट होतो, काटे शून्यावर पडतात, कुठे टकटक आवाज येतो, सगळे दिवे एकदम लागतात. म्हणून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर मीटरचं नाव नंतर काढा, आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

बॅटरी ठीक असेल तर घड्याळाकडे बघा, हे कोणी सांगत नाही पण अर्धं निदान तिथेच होतं. सेल्फ मारल्यावर घड्याळ आणि ट्रिपसुद्धा शून्य झाले तर कायमचा करंट नाहीतर अर्थ तुटतेय. घड्याळ जसंच्या तसं आणि फक्त काटे-दिवे गेले तर इग्निशनची लाइन बघायची. मग चावी ऑनवर ठेवून हलकेच डावी-उजवी हलवा, फिरवायची नाही, नुसती हलवायची. त्याबरोबर मीटर लुकलुकला आणि ब्लोअर, वायपर, इंडिकेटर पण दचकले तर लॉकच्या मागे बसलेल्या इलेक्ट्रिकल स्विचचे पॉइंट जळलेत, बऱ्याच गाड्यांत हा स्विच लॉकपासून वेगळा मिळतो आणि मीटरपेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतो. ब्लोअर-वायपर सगळं चालू आणि एकटा मीटरच मरतो, तर मग त्याचा फ्यूज, मागचा कपलर, आणि त्यानंतर मीटर.

(चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्या आणि वर एक पितळेचा गणपती लटकवणाऱ्यांसाठी: २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या त्या चावीच्या स्विचपायीच. चालत्या गाडीत स्विच ऑनवरून मागे घसरायचा, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एअरबॅगही उघडायची नाही. नुकसानभरपाईच्या फंडाने १२४ मृत्यू मान्य केले. जुडगा जड असला तर घसरायचा धोका जास्त.)

"१२ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके." या एका वाक्याने किती चांगले मीटर बदलले गेले असतील देव जाणे. मल्टिमीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीच्या वीस तारांपैकी एकच धड उरली असली तरी तो छान १२ दाखवतो, आणि लोड पडला, म्हणजे खरा करंट ओढला गेला, की तीच वायर झोपते. मोजायचं ते लोडवर, म्हणजे चावी ऑन, हेडलाइट ऑन, ब्लोअर फुल, कपलर मीटरला लावलेलाच, आणि मागून पिन टेकवून. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन मीटरच्या अर्थच्या वायरीवर. तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर चोर सापडला. प्लस बाजूलाही तसंच, बॅटरीचा प्लस ते मीटरची पिन.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या जुन्या हॅचबॅकला हाच रोग झाला होता, इंडिकेटर टाकला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालात हलायचा, टिक टिक टिक, बायको म्हणायची गाडी नाचायला लागली. एका वायरमनने दोन मिनिटांत निकाल दिला, मीटर गेला, चौदा हजार. मी घरी येऊन वरच्यासारखं मोजलं तर अर्थवर १.८ व्होल्ट! ड्रायव्हरच्या पायाशी दाराच्या बाजूचं प्लास्टिक काढलं, मागे बॉडीला एक दहाचा बोल्ट, त्याच्याखाली चार अर्थचे थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे कान) एकावर एक, आणि सगळ्यांवर हिरवट पांढरी बुरशी. दारातून पाणी झिरपत होतं आणि कार्पेटखाली चिखल. बॅटरीचं टर्मिनल काढून बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने थिंबल आणि पत्रा चकचकीत केला, घट्ट आवळला, वर थोडं व्हॅसलीन. परत मोजलं तर ०.०४. चौदा हजारांच्या ऐवजी चार रुपयांचा पॉलिश पेपर, आणि दाराचं रबर वेगळं.

टेस्ट लॅम्प (तपासायला वायरी लावलेला साधा बल्ब) पण चांगला, पाच वॉटचा बल्ब ०.४ अँपिअर ओढतो म्हणून वायर एकाच तारेवर उरली असेल तर कधीकधी बल्ब मंद पेटतो आणि ती उघडी पडते. फक्त एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सिग्नलच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका म्हणजे नाहीच.

"फ्यूज मोठा टाका." नको रे बाबा. फ्यूज वायर वाचवायला असतो, मीटर चालवायला नाही. लाल १० चा काढून पिवळा २० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी डॅशबोर्डमागची वायर तापते. फ्यूज उडतोय तर त्या लाइनवर मागाहून काय काय जोडलंय ते आधी सोडवून बघा, डॅशकॅम, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा. बहुतेक ठिकाणी इग्निशनची वायर सोलून टेप गुंडाळलेली असते. आणि उंदीर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आठवडाभर उभी असेल तर बोनेट उघडून वायरींवर दात बघाच.

"चावी काढूनही उजेड म्हणजे मीटर शॉर्ट." इग्निशनचा रिले (करंटवर चालणारा स्विच) चिकटला असेल किंवा बाहेरून लावलेल्या वस्तूतून उलटा करंट येत असेल. एक मजेशीर केस: चावी खिशात, लाइट बंद, आणि ब्रेक दाबला की मीटरचा उजेड मंद लागतो. तिथे मागचा टेल लॅम्पचा बल्ब बघा. दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एक फिलामेंटचा बल्ब कोंबला, किंवा फिलामेंट तुटून एकमेकाला चिकटले, की ब्रेकचा करंट पार्किंगच्या लाइनीत शिरतो आणि तिथून मीटरच्या उजेडाला पोचतो. वीस-तीस रुपयांचा बल्ब.

"लाल दिवा लागत नाही, चार्जिंग फिट." बरोबर उलटं. चावी ऑन, इंजिन बंद, या वेळी बॅटरीचा, ऑइलचा आणि इंजिनचा दिवा लागायलाच हवा, ती त्यांची तपासणी असते. जुन्या बऱ्याच गाड्यांत तर अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्याच बॅटरीच्या बल्बमधून जातो, बल्ब उडाला तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) चार्जिंग सुरूच होत नाही. इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.५ हवं. आणि ऑइलचा दिवा लागतच नसेल तर प्रेशर गेलं तरी तुम्हाला कळणार नाही.

"टर्मिनल काढा, रिसेट होईल." होतो कधीकधी, दोन दिवस. किलोमीटर कायमच्या मेमरीत असतात, ते जात नाहीत, पण फॉल्ट कुठल्या परिस्थितीत आला होता ती नोंद काही गाड्यांत पुसली जाते, म्हणजे मेकॅनिकच्या हातातला पुरावाच गायब. आधी स्कॅन (स्कॅनर लावून फॉल्टचे कोड वाचणं), मग टर्मिनल. स्कॅनवर यू०१५५ हा कोड आला तर त्याचा अर्थ बाकीच्या कंट्रोलरना मीटरचा आवाज ऐकू येत नाहीये, एवढाच, मीटर मेला असा नाही. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम मोजा, ज्या गाड्यांत कॅनची लाइन (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी) तिथे थेट येते त्यांत साधारण ६० हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आले तर शॉर्ट.

"जुना मीटर आणा, पाच मिनिटांचं काम." काही साध्या गाड्यांत चालतं, खोटं नाही. पण फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) मीटरमध्येच असतो, दुसऱ्याचा मीटर लावला की चावी ओळखत नाही, इंजिन एक सेकंद चालून बंद, आणि मग कोडिंगवाल्याच्या मागे फिरा. वरून किलोमीटर त्या दुसऱ्या गाडीचे, विकताना कोणाला पटवणार? अर्थ, कायमचा करंट, इग्निशन तिन्ही लोडवर बरोबर आले आणि तरी मीटर सकाळी थंडीत मुका, ऊन चढलं की बोलतो, किंवा वर टपली मारली की जिवंत होतो, तर आतल्या बोर्डावर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला किंवा तडकलेला टाका) असायची शक्यता दाट. तेव्हा तुमचाच मीटर काढून चांगल्या रिपेअरवाल्याकडे द्या, आणि द्यायच्या आधी पेटेल तेव्हा किलोमीटरचा फोटो काढून ठेवा.