डिकीतलं जेवण आणि नळाचा प्रश्न

शनिवारी संध्याकाळी वाकडच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो वहिनींच्या एका वाक्यावरून. "त्या सगळ्या जेवणाच्या गाड्या एकदा उचलून नेल्या पाहिजेत." त्या बोलत होत्या हिंजवडीच्या आयटी पार्कात दुपारी रस्त्याच्या कडेला डिकी उघडून उभ्या राहणाऱ्या ओम्नी, छोटे हत्ती आणि अलीकडे आलेल्या रंगीत फूड ट्रकांबद्दल. वहिनींची कंपनीची बस दुसऱ्या पाळीची. फेज दोनच्या एका वळणावर ती रोज दुपारी अडकते, आणि नेमक्या त्याच वळणावर तीन गाड्या लागलेल्या असतात.

मला गप्प बसवेना. आई दोन आठवडे गावाला गेल्यामुळे माझा डबा बंद होता आणि कामाचे दहाच्या दहा दिवस मी याच गाड्यांवर जेवलो होतो. रोज वेगळी गाडी खाऊन बघायची असं ठरवलं होतं.

"मग सांग ना, काय काय खाल्लंस," बापू म्हणाले. बापू आकुर्डीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत, युनियनमध्ये होते, आणि दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मत देत नाहीत.

सांगितलं. रंगीत ट्रकवरचा पनीर रोल १८० रुपयांना पडला आणि हातात यायला पंचवीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांच्या सुट्टीत ते परवडत नाही. टेम्पोतली बिर्याणी पहिल्या दिवशी झकास होती, दुसऱ्या खेपेला नुसता रंग. एका ओम्नीत सकाळची इडली दुपारपर्यंत विकतात, ती मी एकदाच खाल्ली. आणि मग सोलापूरकडच्या ताईंची गाडी सापडली. दहापैकी सहा दिवस मी तिथेच जेवलो.

ताई बारा-दहाला येतात. मागचं दार वर गेलं की आधी भाकरीचा वास येतो. टोपल्यात सुती धोतराच्या घड्या, घडीत ज्वारीच्या भाकरी, वरची उचलली की खालची अजून मऊ. शेजारी पिठलं, मटकीची उसळ, आमटी, भात, शेंगांची चटणी आणि परातीत चिरलेला कांदा. दोन भाकरी किंवा तीन पोळ्या, उसळ, आमटी-भात, ऐंशी रुपये. पिठलं मागाल तितकं. चटणी कुटलेली असते, मिक्सरमधून काढलेली नाही. दाताखाली दाण्याचा कण येतो आणि मग हळूहळू तेल सुटतं. मारुंजीतल्या भाड्याच्या घरात ताई आणि त्यांच्या जाऊबाई पहाटे चारला उठून साठ भाकऱ्या थापतात. पीठ जुनं असलं तर भाकरी थापताना चिरते, म्हणून दळण रोजच्या रोज, हे त्यांनी मला हातातली भाकरी मोडून दाखवून सांगितलं.

"हे सगळं छान," बापू म्हणाले, "पण माणसाला जेवायला रस्त्यावर यावंच का लागतं? १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४६ होतं. अडीचशेच्या वर कामगार असले तर कॅन्टीन द्यायला लावता यायचं, आणि त्याच्या कमिटीवर कामगारांचे प्रतिनिधी असायचे. आमटी पातळ झाली तर आम्ही कमिटीत विषय काढायचो. गाडीवाल्याकडे तू कुठला विषय काढणार?"

"बापू, कॅन्टीन आमच्याकडेही आहे. चौथ्या मजल्यावर, काचेचं. पण थाळी १४० ची. आमच्या दारावरचे सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगच्या मावश्या, कॅबचे ड्रायव्हर तिथे जेवत नाहीत. हे सगळे कंत्राटी. दुपारी एक वाजता ताईंच्या गाडीपुढे उभे राहा म्हणजे इमारत कोण चालवतं ते दिसेल. गाड्या उचलल्या तर आम्ही चौथ्या मजल्यावर जाऊ. ते वडापाववर दिवस काढतील."

बापू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कंत्राटी माणसाला कॅन्टीन नाही, हेच मुळात चूक आहे." ते खरंच आहे, आणि त्यावर आमच्यात वाद नव्हता.

आता अण्णा. त्यांचं मेडिकलचं दुकान आहे आणि दर पावसाळ्यात पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे लोक ते बघतात. त्यांचा पहिला प्रश्न: "नंबर लावलाय का गाडीवर?" अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर. लहान विक्रेत्याच्या नोंदणीचा २ पासून सुरू होतो, मोठ्यांच्या परवान्याचा १ पासून. ताईंच्या गाडीत तो प्लास्टिकमध्ये घालून आतल्या पत्र्याला चिकटवलेला आहे. रंगीत ट्रकवर मला कुठे दिसला नाही.

दुसरा प्रश्न भाताचा, आणि तिथे अण्णांनी मला पकडलं. "लोक मटणाला घाबरतात आणि भाताला सोडून देतात. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष परत गरम करूनही जात नाही. गरम अन्न साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे. तुझ्या ताईंचा भात दोन वाजता किती अंशांवर असतो?"

हा प्रश्न त्यांनी आधीच्या शनिवारीही विचारला होता, म्हणून या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. मी स्वयंपाकघरातला काट्याचा थर्मामीटर विकत घेतला आणि ताईंना विचारून भातात खोचला. साडेबाराला ६६. दोनला दहा कमी असताना ५३. आमटी त्याच वेळी ६४ वर होती, कारण डबा खोल आणि झाकण घट्ट. भाताचा डबा पसरट, आणि दर ताटाला उघडला जातो.

ताई रागावल्या नाहीत. आकडा बघून म्हणाल्या, "म्हणजे डबाच चुकीचा हाय की." दुसऱ्या दिवशी भात दोन उभ्या डब्यांत होता. दुसरा डबा जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि सव्वा वाजेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. दोनला दहा कमी: ६२.

अण्णांनी मान डोलावली, पण माघार घेतली नाही. "पाणी?"

पाण्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं, पण दिलं. प्यायला विकतचे वीस लिटरचे दोन जार, ते ठीक. ताटं स्टीलची आहेत आणि तीन बादल्यांत धुतात: पहिली खरकट्याची, दुसरी साबणाची, तिसरी स्वच्छ पाण्याची. दीड वाजता तिसऱ्या बादलीतलं पाणी स्वच्छ नसतं. मी बघितलंय. ताईंनाही ते ठाऊक आहे. गाडीत जास्त पाणी आणलं तर भाकरीची टोपली ठेवायला जागा उरत नाही, आणि जवळपास एकही नळ नाही. कागदी ताटल्या घेतल्या तर ताटामागे खर्च वाढतो आणि कचरा शेजारच्या नाल्यात.

इथे बापूंचा भाचा बोलला. तो लॉस एंजेलिसला असतो, सुट्टीवर आलाय. "मामा, तिकडे हाच प्रश्न असा सोडवलाय की ट्रक रात्री घरी नेताच येत नाही. कमिसरी म्हणून जागा असते. तिथे ट्रक लावायचा, सांडपाणी सोडायचं, चांगलं पाणी भरायचं, भांडी घासायची, मग सकाळी बाहेर. तपासणी झाली की ट्रकवर ए, बी किंवा सी अक्षर लागतं, हॉटेलांना लागतं तसंच." तिथे मेक्सिकन लोकांच्या टाकोच्या, म्हणजे मक्याच्या पोळीत मांस-भाजी घालून देणाऱ्या, गाड्या कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या दाराशी कित्येक दशकांपासून उभ्या राहतात. किंग टाको हे मोठं नाव १९७४ साली आइस्क्रीमच्या एका जुन्या ट्रकमधून सुरू झालं. २००८ मध्ये कोगी नावाच्या ट्रकने टाकोत कोरियन पद्धतीचं भाजलेलं मांस घालून ट्विटरवर आपला ठावठिकाणा सांगायला सुरुवात केली, तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांच्या रांगा लागल्या. "पण पाया त्या मजुरांच्या गाड्यांनीच घातला होता," भाचा म्हणाला.

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. "नळ देऊन माझी बस सुटणार आहे का? गाडी कुठे उभी राहते हा माझा मुद्दा आहे, ती काय वाढते हा नाही."

मुद्दा बरोबर होता. मी फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याचं सांगायला लागलो: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश बायका. वहिनींनी मध्येच थांबवलं. "भावजी, समिती नगराची. हिंजवडीत कुठली महापालिका बसली आहे? गाव ग्रामपंचायतीचं, रस्ता एमआयडीसीचा, आराखडा पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. तुमच्या ताईंनी अर्ज कुणाच्या टेबलावर ठेवायचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईंकडेही नाही. गेल्या महिन्यात त्यांना दोनदा हटवलं. दोन्ही वेळा कुणीतरी तोंडी सांगितलं, कागद दाखवला नाही. पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त भाकरी घरी परत गेल्या. रस्ता मोकळा राहिला पाहिजे हे मलाही पटतं, पण कुठे उभं राहा हे न सांगता नुसतं हलवत राहणं मला मान्य नाही, आणि ते मी कट्ट्यावर जरा मोठ्या आवाजात बोललो.

मग वहिनीच म्हणाल्या, "तुमच्या इमारतीच्या मागच्या फाटकाजवळ दुचाकींची जागा आहे ना? पावसाळ्याआधी शेड बांधली तेव्हापासून अर्धी रिकामी असते. गाड्या कुंपणाच्या आत घ्या. बारा ते अडीच. चार गाड्या मावतील, माझं वळण मोकळं."

अण्णांनी अट घातली: नोंदणीचा नंबर दर्शनी लावलेल्याच गाड्या, आणि थर्मामीटर महिन्यातून एकदा. बापू म्हणाले, अट चालेल, पण अर्जावर सह्या फक्त कंपनीचं कार्ड असलेल्या कायम लोकांच्या नकोत. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, सगळ्यांच्या हव्यात, आणि त्यांच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून आमच्या सह्या वर, त्यांच्या खाली. हे त्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवातून सुचलं, मला सुचलं नसतं.

भाच्याने मोबाइल काढला आणि टाइप करायला बसला. "मामा, सुरुवात कशी करू?"

"प्रति, व्यवस्थापक. विषय काय टाकणार?"

"जेवणाच्या गाड्यांना जागा मिळण्याबाबत?"

"नको," बापू म्हणाले. "आवारातील मागील फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा एक नळ व सांडपाण्याची मोरी मिळण्याबाबत. जागा दुसऱ्या परिच्छेदात लिही."