डाग पडला की आधी साबण आणू नका

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी आरती आटोपून पंगत बसली होती आणि खतखत्याची, म्हणजे हळद घातलेल्या मिश्र भाज्यांच्या रश्शाची, वाटी एका लहानग्याच्या हातून निसटून दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पालथी झाली. गालिचा लोकरीचा, भदोहीचा, सासूबाईंनी हौसेने घेतलेला. जाऊबाईंनी धावत जाऊन कपड्यांचा साबण आणला, ओल्या फडक्याने खसाखसा घासला, आणि पिवळा डाग आमच्या डोळ्यांदेखत विटकरी लाल झाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. चूक त्यांची नव्हती; डाग म्हटला की साबण, हेच आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि ते किती ठिकाणी चुकते हे सांगण्यासाठी आज सविस्तर लिहीत आहे.

हळदीतले कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारे द्रव्य, क्षाराच्या संपर्कात आले की लाल होते. घरी कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो याच कारणाने, म्हणजे हे ज्ञान आपल्या घरात पूर्वीपासून आहे, फक्त गालिच्यापाशी ते आपल्याला आठवत नाही. कपड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडा हे दोन्ही क्षारधर्मी आहेत. लाल झालेल्या जागी पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून हलकेच टिपले, तर रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. इथे एक सूचना आवर्जून करते : आपले माडाच्या सुरेचे व्हिनेगर स्वयंपाकात कितीही उत्तम असले, तरी त्याला स्वतःचा रंग असतो, म्हणून गालिच्यावर ते वापरू नये.

उरलेला पिवळेपणा काढते ते ऊन. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण प्रकाशाने त्याचे विघटन होते. चवथीच्या दिवसांत ऊन कुठले मिळणार? आम्ही पाऊस सरेपर्यंत थांबलो आणि गालिच्याचा बाकीचा भाग जाड चादरीने झाकून, केवळ डागाची जागा उघडी ठेवून, रोज थोडा वेळ उन्हात ठेवला. झाकणे आवश्यक होते, कारण ऊन हळदीबरोबर गालिच्याचा मूळ रंगही फिका करते.

सोलकढीचे वागणे याहून वेगळे. भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, लाल रंग आम्लात लाल राहतो आणि साबण लागला की निळसर, मळकट दिसू लागतो. शिवाय सोलकढीत नारळाचा रस असतो, म्हणजे एकाच डागात रंग आणि तेल दोन्ही असतात. म्हणून आधी कोरड्या सुती फडक्याने, बाहेरून आतल्या दिशेने, जितके टिपता येईल तितके टिपावे, मग थंड पाणी आणि थोडे पांढरे व्हिनेगर, आणि तेलासाठी शेवटी भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे एक चमचा प्रमाण पाव लिटर पाण्यात. घासायचे कुठेही नाही. घासल्याने लोकरीचे तंतू पिंजतात, आणि डाग निघाला तरी ती जागा कायम वेगळी दिसते.

मासळीच्या हुमणात, म्हणजे रश्शात, मात्र तेल, हळद आणि मासळीचा अंश असे तिन्ही एकत्र येतात. गरम पाणी ओतले तर मासळीतली प्रथिने तंतूवरच आवळतात आणि वास जात नाही. पहिला हात थंड पाण्याचाच हवा. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, ठिबकणारा चीक आणि फणसाचा चीक यांना पाणी लागत नाहीच, तिथे आधी खोबरेल तेलाचे बोट लावून चीक सैल करावा आणि मग ते तेल भांडी घासायच्या त्याच सौम्य द्रवाने काढावे.

आणि आपली तांबडी माती! पावसाळ्यात पायांबरोबर ती घरभर येते. तिच्यावर ओले फडके फिरवणे म्हणजे लोहाचा बारीक गेरू तंतूंच्या मुळाशी नेऊन बसवणे. ती पूर्ण वाळू द्यावी, मऊ ब्रशने झाडावी, व्हॅक्यूम क्लीनर असल्यास तो फिरवावा आणि त्यानंतरच काही उरले तर ओला हात लावावा.

समाजमाध्यमांवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, त्याविषयी मला खरोखरच राग आहे. फेस येतो, त्यामुळे काहीतरी घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि क्षार एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते जवळपास खारट पाणी. ब्लीचचा सल्ला तर धोकादायक आहे. क्लोरीनचे ब्लीच लोकर खाऊन टाकते, आणि ते व्हिनेगरमध्ये किंवा संडास धुण्याच्या आम्लात मिसळले तर विषारी वायू निघतो. आपला गालिचा लोकरीचा की कृत्रिम, हे माहीत नसेल तर काठाचा एक धागा जाळून पाहावा : लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते.

गोव्यात डागाइतकाच मोठा शत्रू ओल आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दुसरा एक गालिचा बाहेर धुवायला दिला होता. तो वरून कोरडा वाटला, पण पाठीकडचा सुती पाया ओला होता आणि आठवड्याभरात त्याला बुरशीचा वास सुटला. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा स्वतःत धरूनही हाताला कोरडी लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आता पावसाळ्यात आमच्याकडे पूर्ण धुणे होतच नाही. डाग पडला तर तेवढीच जागा कमीत कमी पाण्याने साफ करायची, वर जाड फडक्यांची घडी ठेवून दाब द्यायचा, मग तो भाग दोन खुर्च्यांवर उचलून धरून खालून आणि वरून पंखा लावायचा.

जाऊबाई यंदाच्या चवथीला पुन्हा येणार आहेत. त्यांच्यासाठी जुन्या सुती साडीची धुतलेली फडकी आणि पांढऱ्या व्हिनेगरची बाटली मी दिवाणखान्याच्या कपाटात आधीच ठेवली आहे.