‘पुढची नोंद’ म्हणजे नेमकी कोणती?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली, म्हणून हे लांबलचक उत्तर. डेटाबेसमधली एकेक नोंद पडद्यावर दाखवणाऱ्या फॉर्मवर ‘मागे’ आणि ‘पुढे’ची बटणं कशी द्यावीत यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की तीन लाख नोंदी एकेक करून सरकवत कोण बसतं, ही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या जमान्यातली खोड आहे, शोधाची चौकट द्या आणि बटणं काढून टाका. शिवाय मी सांगितल्याप्रमाणे केलं तर फॉर्म रखडतो.

रखडण्याबद्दल आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. मी ऑफसेट, म्हणजे ‘सुरुवातीच्या इतक्या नोंदी सोडून दे’ ही सूचना, वापरायला सांगितलं होतं. ऑफसेट ५०,००० आणि लिमिट १ (एकच नोंद दे) लिहिलं की डेटाबेस उडी मारून तिथे पोचत नाही, आधीच्या पन्नास हजार नोंदींवरून चालत जातो आणि टाकून देतो. जितकं पुढे जाल तितकं बटण जड होत जातं. त्यापेक्षा पडद्यावर जी नोंद आहे तिलाच धरून पुढची मागावी: सदस्यांची यादी असेल तर आडनाव आणि सदस्य क्रमांक ही जोडी आत्ताच्या जोडीपेक्षा मोठी हवी, क्रम त्याच दोन रकान्यांचा, आणि त्यातली पहिली एक. दोन्ही रकान्यांवर मिळून इंडेक्स (आधीच क्रमाने लावलेली सूची) असला की दुसरी नोंद असो वा दोन लाखावी, वेळ जवळपास सारखाच. नुसतं आडनाव घेऊ नका. एकाच आडनावाची चाळीस माणसं असली तर पहिल्यावरून ‘पुढे’ दाबताच उरलेली एकोणचाळीस गायब. आणि ‘मागे’साठी ‘पेक्षा मोठी’च्या चिन्हाबरोबर क्रमही उलटा करा, नाहीतर प्रत्येक वेळी यादीतली अगदी पहिली नोंद समोर येईल. (हे मी करून बसलोय.)

आता बटणं काढण्याबद्दल. शोध त्याच्या कामाचा, ज्याला काय शोधायचं ते ठाऊक आहे. पण कागदी अर्जांचा गठ्ठा शेजारी ठेवून पडद्याशी ताडून बघणाऱ्याला कुठली नोंद चुकलीय हेच तर शोधायचं असतं. डाव्या हाताखाली कागदावर पट्टी, उजव्या हाताचं बोट पेज डाउनवर, आणि नजर कागद-पडदा-कागद. त्याला दर वेळी क्रमांक टाइप करायला लावलात तर दुपारपर्यंत तो तुमची चौकट सोडून स्वतःची एक्सेलची फाइल उघडेल.

तीन लाख नोंदी कुणीच चाळत नाही, हे मान्य. म्हणून आधी शोध, मग त्यातून निघालेल्या सदतीस नोंदींत मागे-पुढे. पडद्यावर ‘३७ पैकी १२’ दिसलं की माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं. आणि फॉक्सप्रोला उगाच नावं ठेवू नका. तिथे सेट ऑर्डर या आज्ञेने क्रम ठरवायचा, मग पुढच्या नोंदीसाठी स्किप म्हणायचं. पुढची म्हणजे कुठल्या क्रमाने पुढची, हे आधी ठरवायची सवयच लागायची. आज लोक क्रम सांगणारं ऑर्डर बाय न लिहिता ‘पुढे’चं बटण लावतात आणि नोंदी इकडच्या तिकडे होतात म्हणून डेटाबेसला दोष देतात.

सदतीस नोंदींसाठी तर मी वर सांगितलेली युक्तीही वापरत नाही. शोधाच्या वेळीच सगळ्यांचे सदस्य क्रमांक एकदा आणून ठेवतो आणि त्या यादीवरून चालतो. कारण ताडताना कुणी आडनाव दुरुस्त केलं की नोंद क्रमात भलतीकडे जाते आणि ‘पुढे’ तिथून सुरू होतं. यादी धरून ठेवली की तो घोळ होत नाही. मधली एखादी नोंद दुसऱ्या कुणी काढून टाकली असेल तर तसं स्पष्ट लिहून दाखवावं, गुपचूप ओलांडू नये.

तुम्ही ज्यावर बोट ठेवायला हवं होतं ते वेगळंच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये नोंद सोडली की केलेला बदल न विचारता साठवला जातो, आणि २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत माउसचं चाक फिरवलं तरी नोंद बदलायची. माझ्या एका फॉर्मवर लांबलचक शेरा वाचायला चाक फिरवलं गेलं, नोंद सरकली, आणि पुढचा आकडा शेजारच्याच्या खात्यावर पडला. असं किती दिवस चाललं होतं ते ताळा जुळेना तेव्हा कळलं. तेव्हापासून चाकाने नोंद हलत नाही आणि शेवटच्या रकान्यात टॅब दाबला तरी हलत नाही. ॲक्सेसमध्ये त्यासाठी सायकल या गुणधर्माला ‘सध्याची नोंद’ ठेवायचं. ‘साठवू का?’ असं दर वेळी विचारणं मात्र मी बंद केलं. तिसऱ्या खेपेनंतर लोक न वाचताच एंटर दाबतात. त्याऐवजी बदललेला रकाना पिवळा करतो आणि एस्केपने मूळचं परत आणू देतो.

मूळ लेखातला ऑफसेटचा परिच्छेद आज रात्री बदलतो. बटणं राहतील.