‘कॉर्टिसॉल उतरवा’ हा मेसेज वाचून स्टेरॉइडची गोळी बंद करू नका

सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कॉर्टिसॉल हे ताणाचं विष आहे, सुजलेला चेहरा आणि सुटलेलं पोट ही त्याची खूण, सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकून जातात, सकाळी रक्त तपासून घ्या, मनगटावरच्या घड्याळात रोज ताण बघा, स्टेरॉइडच्या गोळ्या आजपासून बंद करा आणि त्याऐवजी अश्वगंधा व संत्र्याच्या रसात सैंधव घ्या, दीर्घ श्वसन करा. माझ्या मावशीला संधिवात आहे आणि ती कित्येक वर्षं प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेते. तो वाचून तिने मला फोन केला, “मग बंद करू का रे गोळी?” तिने विचारलं तरी. न विचारता बंद करणाऱ्यांचं काय?

म्हणून आधी गोळीचंच बोलतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मेंदूकडून हुकूम आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) तयार करतात. बाहेरून काही आठवडे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदू तो हुकूम देणं थांबवतो आणि ग्रंथी आक्रसतात. अशा वेळी गोळी एकदम तोडली तर शरीरात ना बाहेरचं स्टेरॉइड राहतं, ना स्वतःचं कॉर्टिसॉल. गळून गेल्यासारखं होतं, उलट्या होतात, रक्तदाब आणि साखर खाली येते, आणि त्यातच ताप किंवा जुलाब झाले तर माणूस दगावू शकतो. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू, कधी कधी कित्येक महिने घेऊन उतरवतात. गावोगावी संधिवातावर आणि दम्यावर ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते घेणाऱ्याला आपण स्टेरॉइडवर आहोत हेच माहीत नसतं. ‘आजपासून बंद करा’ हे वाक्य त्याच्यापर्यंतही पोचतं, याची मला जास्त धास्ती वाटते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं तर चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तेवढं मेसेजमध्ये खरं आहे. पण त्यावरून प्रत्येक सुजऱ्या चेहऱ्याचा आणि सुटलेल्या पोटाचा दोष कॉर्टिसॉलवर टाकता येत नाही. शरीरात आपोआप कॉर्टिसॉल खूप वाढण्याचा कुशिंग हा आजार दुर्मिळ आहे.

आणि विष? थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये या ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराचं वर्णन केलं. उपचार सापडेपर्यंत त्या आजाराचे रुग्ण वाचत नसत. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच भावंड, दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना या ग्रंथींच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी मिळालं. माझी मावशी आज स्वतःच्या हाताने भाकरी थापते ती याच औषधाच्या कुळातल्या गोळीमुळे.

‘ग्रंथी थकतात’ हा मुद्दा तर मेसेजच्या स्वतःच्याच पहिल्या वाक्याशी भांडतो. थकलेली ग्रंथी कॉर्टिसॉल कमी करील. मग ते उतरवायचं कशाला? 2016 मध्ये ब्राझीलच्या दोन संप्रेरकतज्ज्ञांनी या विषयावरचे 58 अभ्यास एकत्र तपासले आणि ‘बीएमसी एंडोक्राइन डिसऑर्डर्स’मध्ये निष्कर्ष छापला: असा आजार असल्याचा पुरावा नाही. थकवा खरा असतो, पण त्याचं कारण रक्तक्षय, थायरॉइड, झोप, नैराश्य यांत शोधायला हवं. खोट्या नावाचं लेबल लागलं की तो शोध तिथेच थांबतो.

रक्ततपासणीबद्दल थोडक्यात. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही रक्तातला आकडा वाढतो. म्हणून सकाळच्या एका आकड्यावरून ‘तुम्हाला ताण आहे’ असं ठरत नाही. कुशिंगचा संशय असेल तर डॉक्टर रात्री उशिराची लाळ किंवा 24 तासांची लघवी तपासायला सांगतात. केसांतलं कॉर्टिसॉल मोजण्याची नवी पद्धत मला स्वतःला फार आशादायक वाटते: केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाजवळच्या 3 सेंटिमीटरमध्ये मागच्या 3 महिन्यांची नोंद मिळते. पण ती अजून प्रामुख्याने संशोधनाच्या कामाची आहे. आणि घड्याळ कॉर्टिसॉल मोजतच नाही. ते मुख्यतः नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते पाहून अंदाज बांधतं. ताप, जागरण, कडक चहा, जिना, सगळ्याने तो अंदाज हलतो.

अश्वगंधेने कॉर्टिसॉल थोडं उतरल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. प्रेडनिसोलोनची जागा ती घेऊ शकत नाही. रक्तदाब असलेल्याला वरून मीठ आणि मधुमेह्याला संत्र्याचा रस कशासाठी पाजायचा?

दीर्घ श्वसनाला माझी हरकत नाही, जरूर करा. 2022 मध्ये ‘जामा सायकियाट्री’त आलेल्या चाचणीत चिंताविकार असलेल्या 276 जणांपैकी निम्म्यांना सजग ध्यानाचा 8 आठवड्यांचा वर्ग आणि निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे चिंतेवरचं औषध दिलं, दोन्हींचा उपयोग जवळपास सारखाच झाला. मात्र तो शिक्षकाने घेतलेला वर्ग होता, घरी रोजचा सराव होता, आणि त्या लोकांचा आजार वेगळा होता. संधिवाताची गोळी सोडून श्वास मोजायला त्यात कुणालाही सांगितलेलं नाही.

तुम्ही हा मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर आजच लिहा: स्टेरॉइडची गोळी किंवा सांधेदुखीची पुडी कुणी एकदम बंद केली असेल आणि आता अशक्तपणा, उलट्या किंवा चक्कर असेल, तर थांबू नका, गोळ्यांचं पाकीट किंवा पुडी हातात घेऊन थेट दवाखान्यात जा.